वडिलांच्या पश्चात घर, ठेवी आणि पीएफ: नवे नियम धरून कागदपत्रं कशी मार्गी लावायची

तेरावं झालं की पाहुणे आपापल्या गावी जातात आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येतो: "फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा?" तिथून जो गोंधळ सुरू होतो, त्यात कायद्याइतकाच दोष ऐकीव सल्ल्यांचाही असतो. कुणी म्हणतं नॉमिनी आहे ना, मग झालं. कुणी म्हणतं मुंबईत प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याची न्यायालयाची मान्यता) लागतंच. कुणी शंभरच्या स्टॅम्पवर बहिणींच्या सह्या घ्यायला सांगतं. यातला पहिला सल्ला कधीच खरा नव्हता, दुसरा आता जुना झाला, आणि तिसरा सगळ्यात घातक.

गेल्या दोन-तीन वर्षांत बँका, मृत्युपत्रं, मुद्रांक शुल्क आणि कामगार कायदे या सगळ्यांत बदल झाले. बहुतेक बदल आपल्या सोयीचे आहेत. पण ते झाले आहेत 'पैसे किंवा ताबा कुणाच्या हाती द्यायचा' या प्रश्नावर. 'मालक कोण' हा प्रश्न आजही वारसा कायदाच सोडवतो. हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवलेत तर पुढचं सगळं सोपं जातं.

हा लेख महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात. मुस्लिम कुटुंबांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो; ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांसाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातली वेगळी प्रकरणं आहेत. गोव्याची रीत तर सर्वस्वी निराळी. तिथं लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची सामाईक असते आणि वाटणी 'इन्व्हेंटरी' प्रक्रियेनं होते. तुमचं घर म्हापशाला किंवा मडगावला असेल तर तिथलाच वकील गाठा.

१. आधी मृत्यू दाखला, आणि त्यातली अक्षरं

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंद ते कळवतात. घरी झाला असेल तर ती तुम्हालाच करावी लागते. वर्षभराहून जास्त उशीर झाला की प्रकरण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं.

दाखला हातात आला की नाव, वडिलांचं नाव, पत्ता, तारीख हे खिडकीपाशी उभं राहूनच वाचा. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय' आणि पासबुकात नुसतं 'डी. के.' असा प्रकार घरोघरी असतो. गेलेल्या माणसाचं नाव राजपत्रात बदलता येत नाही, त्यामुळे 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. ते एकदाच, सगळी रूपं लिहून करा. दर कार्यालयासाठी वेगळं करत बसू नका, कारण ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पवर होणारे अनेक दस्त ५०० रुपयांवर गेले आहेत आणि त्यात प्रतिज्ञापत्रही आलं.

दाखल्याच्या मूळ प्रती भरपूर काढून ठेवा.

२. जवळ काय काय हवं

एक फाइल करा आणि त्यात हे लावा:

- मृत्यू दाखला
- गेलेल्या व्यक्तीचं आधार, पॅन, रेशन कार्ड
- सर्व वारसांचं आधार, पॅन, फोटो; लेकींची नावं बदलली असतील तर विवाह प्रमाणपत्र
- फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आणि त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा)
- मूळ शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिल
- पासबुकं, ठेवींच्या पावत्या, लॉकरची किल्ली आणि करार
- नोकरीत असतील तर यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक), शेवटची पगार स्लिप
- विमा पॉलिसी
- मृत्युपत्र असल्यास मूळ प्रत. तिच्या कडेला काहीही लिहू नका, छिद्रं पाडून फाइलला लावू नका

जुनी कागदपत्रं शोधताना कपाटातला प्रत्येक कागद वाचा. ग्रुप विम्याचं पत्र, पतसंस्थेची पावती, गृहकर्जावरचा विमा अशा गोष्टी बहुधा तिथंच सापडतात. गृहकर्ज चालू असेल तर त्यासोबत विमा काढला होता का, हे बँकेला लेखी विचारा. असेल तर हप्त्यांचा प्रश्न तिथंच सुटू शकतो.

३. वारस कोण, हे कागदावर मांडा

ही पायरी सगळे गाळतात. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या मालमत्तेत पहिल्या वर्गातले वारस सारख्या वाट्याचे धनी: पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. मुलगा किंवा मुलगी आधीच वारली असेल तर त्यांचा वाटा त्यांच्या मुलाबाळांकडे जातो, आणि वारलेल्या मुलाची विधवाही त्यात येते. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. ही 'आई' म्हणजे तुमची आजी, आणि तिचं नाव विसरण्याची चूक अगदी सर्रास होते.

उदाहरण घ्या. फ्लॅट आई-बाबा दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा. बाबा गेले. मागे आई, दोन मुलं आणि आजी. वाटणी होते ती फक्त बाबांच्या निम्म्या हिश्श्याची. त्याचे चार भाग, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण घराचा आठवा हिस्सा. आईचा स्वतःचा निम्मा धरून ५/८, मुलांचा १/८-१/८ आणि आजीचा १/८. तुम्ही दोन वर्षं काहीच केलं नाही आणि मध्येच आजी मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा आठवा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे काका, आत्या, आणि बाबांच्या वाट्याचे तुम्ही भावंडं. तुमच्या आईला त्यात काही नाही, कारण स्त्रीच्या वारसांत पहिल्यांदा तिची मुलं, आधी गेलेल्या मुलांची मुलं आणि नवरा येतो. सून येत नाही. ज्या घरात कालपर्यंत चौघं होते, तिथं सह्यांसाठी आत्याच्या नागपूरच्या घरी जायची वेळ येते. आजी हयात आणि धडधाकट असेल तर तिच्या हिश्श्याचं आत्ताच ठरवा.

मुलींबद्दल अजूनही गैरसमज आहेत. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत लग्न झालेल्या मुलीचा सारखा वाटा १९५६ पासूनच आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतल्या जन्मसिद्ध हक्काबद्दल होती. तो हक्क मिळण्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 'तिच्या लग्नात खर्च केला होता' हे कायद्यात कुठंही बसत नाही.

४. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे (एक मोठा अपवाद सोडून)

नॉमिनी हा विश्वस्त असतो. पैसे किंवा शेअर सर्टिफिकेट त्याच्याकडे सोपवलं की बँक किंवा सोसायटी मोकळी होते. वारसांचा हक्क तसाच राहतो. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपन्यांच्या शेअर्सबाबतही हेच सांगितलं.

अपवाद आहे आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं असतील तर ते त्या रकमेचे लाभार्थी ठरतात, नुसते विश्वस्त नाहीत. त्यामुळे पॉलिसीवर कुणाचं नाव आहे याला फ्लॅटवरच्या नावापेक्षा जास्त वजन.

५. मृत्युपत्र असेल तर

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच.

पूर्वी मुंबईतल्या मालमत्तेसाठी किंवा मुंबईत केलेल्या मृत्युपत्रासाठी हिंदूंना प्रोबेट सक्तीचं होतं, आणि पुण्याच्या माणसाला नव्हतं. वारसा कायद्याच्या कलम २१३ मधली ही तरतूद डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं काढून टाकली. प्रोबेट घेता येतं, पण त्यावाचून हक्क सांगता येत नाही असं आता राहिलं नाही. तरी सोसायट्या आणि काही कार्यालयं सवयीनं ते मागत राहतील. भांडण नसेल तर लेखी विचारा की कोणत्या तरतुदीखाली मागता. भांडण असेल, कुणी सहीवरच संशय घेत असेल, तर सक्ती नसतानाही प्रोबेट घेतलेलं शहाणपणाचं. एकदा न्यायालयाचा शिक्का बसला की मृत्युपत्र खरं की खोटं हा वाद तरी उरत नाही.

६. बँक: इथं नियम खरोखर बदललेत

पैशांचं काम घराच्या आधी करा. घराला वेळ लागतो, आणि त्या वेळात हप्ते, औषधं, फी थांबत नाही.

आधी एक धोका. एटीएम कार्ड आणि पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मृत्यूनंतर त्यातून पैसे काढू नका. कारण कितीही रास्त असलं तरी पुढं एखादा वारस तोच व्यवहार दाखवून तुमच्यावर आळ घेऊ शकतो.

खात्याला नॉमिनी असेल किंवा खातं 'दोघांपैकी एक किंवा मागे राहील तो' अशा प्रकारचं असेल, तर रक्कम कितीही असो, बँकेनं सक्सेशन सर्टिफिकेट (न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र), हमीपत्र किंवा जामीनदार मागायचा नाही. दावा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीची ओळख एवढं पुरतं. नॉमिनी नसेल आणि रक्कम १५ लाखांपर्यंत असेल, तरी सोप्या पद्धतीनं काम होतं: अर्ज, हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना-हरकत आणि वारसांबाबतचं निवेदन. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाखांची आहे. आपल्याकडे अर्बन बँकेत ठेवी ठेवणारी मंडळी पुष्कळ, म्हणून हा फरक ध्यानात ठेवा.

हे रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश. ते अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत होती. सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर ठेवीवर बँक रेट (रिझर्व्ह बँक ठरवते तो दर) अधिक ४ टक्के दरानं व्याज, आणि लॉकरच्या बाबतीत दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. काउंटरवर 'साहेब रजेवर आहेत' ऐकायला मिळालं तर अर्जाची पोच मागा. पोचेवर तारीख नसेल तर ते १५ दिवस कधी सुरू झाले हे दाखवता येत नाही.

पतसंस्था या चौकटीत येत नाहीत. त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही. तिथं संस्थेचे उपविधी (संस्थेची नियमावली) बघावे लागतात.

रक्कम मर्यादेच्या वर आणि नॉमिनी नाही, असं असेल तर न्यायालय. इथं दोन कागदांची गल्लत होते. सक्सेशन सर्टिफिकेट हे ठेवी, शेअर्स, येणी अशा जंगम गोष्टींसाठी. वारस दाखला हा आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय देतं आणि तो घर-जमिनीसाठीही चालतो. तलाठ्याकडची वारस नोंद ही महसुली दप्तरापुरती. ती घेऊन बँकेत गेलात तर हात हलवत परत याल.

७. नोकरी चालू असताना मृत्यू झाला असेल तर

पीएफ कार्यालयातून तीन वेगवेगळी येणी मिळतात आणि लोक बहुधा पहिलं घेऊन थांबतात.

पहिली, खात्यात जमलेली पीएफची रक्कम. दुसरी, पेन्शन. एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी विधवेला किंवा विधुराला पेन्शन मिळते, आणि एका वेळी दोन मुलांना वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत. तिसरी, ईडीएलआय, म्हणजे पीएफशी जोडलेला विमा. यात कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि यासाठी पगारातून काहीच कापलं जात नसल्यामुळे घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. तिन्ही दावे एकाच एकत्रित अर्जात करता येतात.

इथला सापळा लग्नाचा. कुटुंब नसताना, म्हणजे लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजलं जातं. तुम्ही स्वतः नोकरीत असाल तर हे वाचून झाल्यावर पोर्टलवर जाऊन ई-नामनिर्देशन तपासा.

ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही. मालक मंडळी हे आपणहून सांगत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळे हिशेबाचा पायाही बदलला: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग 'वेतना'त धरला जातो. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. 'नव्या कायद्यात दोन दिवसांत सगळा हिशेब' असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरतो, तो राजीनामा, बडतर्फी, नोकरकपात किंवा कारखाना बंद पडणं याबद्दल आहे. त्या कलमात मृत्यूचा उल्लेख नाही. तेव्हा त्या जोरावर एचआरशी वाद घालू नका. ग्रॅच्युइटीचा अर्ज रीतसर द्या.

८. सोसायटी

२०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या कलम १५४ब-१३ नं जुनी मारामारी बरीचशी मिटवली. सभासद गेल्यावर नॉमिनीला सोसायटी 'तात्पुरता सभासद' म्हणून घेते, खरे वारस सभासद होईपर्यंत. वारसांना घेण्यासाठी मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला किंवा वारसांनी आपसात केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांपैकी काहीतरी लागतं.

नॉमिनीनं मृत्यूपासून सहा महिन्यांत अर्ज करावा, असं उपविधी सांगतात. नॉमिनी नसेल तर सोसायटी नोटीस बोर्डावर आणि दोन वृत्तपत्रांत हरकती मागवते, त्याचा खर्च तुमच्यावर.

पैशांचं स्पष्ट बोला. वारसाकडे किंवा नॉमिनीकडे हस्तांतर होताना प्रीमियम लागत नाही. तो २५ हजारांपर्यंतचा प्रीमियम विक्रीसाठी. तुम्ही द्यायचे ते हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १०० रुपये. 'इमारत निधी', 'स्वेच्छा देणगी' अशा नावानं मागितलं तर पावती आणि ठराव मागा; स्वेच्छा बहुतेक वेळा तिथंच मावळते. थकबाकी मात्र आधी भरून टाका. समितीनं अर्ज दाबूनच ठेवला तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते.

शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणजे घर तुमचं झालं, असं समजून लोक थांबतात. विकताना, कर्ज काढताना किंवा पुनर्विकासाचा करार करताना समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो: बाकीच्या वारसांचं काय?

९. हक्कसोडपत्र

घर एकाच्या किंवा आईच्या नावावर करायचं असं सगळ्यांचं ठरलं असेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं लागतं. नोटरीसमोरच्या ना-हरकत पत्रानं सोसायटीचं समाधान होईल, हक्क सुटत नाही.

वारशानं आलेल्या मालमत्तेत भावंडं, आई-वडील, मुलं किंवा पती-पत्नी यांच्या लाभात, मोबदला न घेता हक्क सोडला तर मुद्रांक शुल्क आता ५०० रुपये. पूर्वी २०० होतं. या सवलतीच्या कलमात शब्द 'वडिलोपार्जित मालमत्ता' असा असल्यामुळे स्वकष्टार्जित फ्लॅटबाबत काही ठिकाणी शंका काढली जाते. म्हणून मसुदा आधी दुय्यम निबंधकांना दाखवून घ्या, मग तारीख ठरवा. पैसे घेऊन हक्क सोडणार असाल तर हा दर लागत नाही.

बक्षीसपत्राशी गल्लत नको. राहतं घर मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा पती-पत्नीला बक्षीस देताना २०० रुपयांची सवलत आहे, पण त्या यादीत भाऊ-बहीण नाहीत. तिथं बाजारमूल्याच्या ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. भावंडांत हक्कसोडपत्रच परवडतं.

तीन गोष्टी सांभाळा:

- वारस अज्ञान (१८ वर्षांखालचा) असेल तर त्याच्या वतीनं आईलाही हक्क सोडता येत नाही. जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते.
- परदेशातल्या भावंडाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून, किंवा त्या देशाच्या सरकारी यंत्रणेकडून अपोस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण) करून आणा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच.
- सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवा.

आणि एक माझं मत, कायदा नव्हे. दहाव्या-बाराव्याला सगळे जमलेच आहेत म्हणून बहिणींपुढं कागद ठेवू नका. हक्कसोड ही मर्जीची गोष्ट आहे. बहिणीला आधी तिचा हिस्सा किती, आजच्या भावानं त्याची किंमत काय, हे सांगा, मसुदा घरी वाचायला द्या. तिनं नाही म्हटलं तर तो तिचा हक्क आहे. दुःखाच्या भरात घेतलेल्या सह्या पुढं 'दबाव आणला' म्हणून न्यायालयात उभ्या राहतात, आणि तोवर राखी-भाऊबीज केव्हाच बंद झालेली असते.

१०. गावाकडची जमीन

सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तलाठ्याचं पद आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, त्यात मयतांची नावं काढून वारसांची लावण्यात आली. आपली नोंद झालीच असेल असं धरून चालू नका, फेरफार काढून नावं मोजा. लेकींची नावं सुटलेली आणि 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव राहिलेलं असे उतारे अजून सापडतात.

वारस नोंद झाली की नावं सामाईक लागतात, चतुःसीमा ठरत नाहीत. त्यासाठी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करायचा. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचं नोंदणी शुल्क मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं माफ केलं आहे. तोंडी वाटणी करून वर्षानुवर्षं बांध कसत आलेल्या भावांनी ती कागदावर आणून घ्यायला ही संधी चांगली.

११. उरलेली किरकोळ कामं

मालमत्ता कर आणि वीजबिलावरचं नाव सोसायटीचं पत्र मिळाल्यावर बदला. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर तिथंही वारस नोंद करा, बंगला किंवा वाडा असणारे हे हमखास विसरतात. आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून गेलेल्या व्यक्तीचं शेवटचं विवरणपत्र भरा. परतावा अडकलेला असतो तो त्याशिवाय सुटत नाही. वारशानं मिळालेल्या घरावर कर नाही, तो विकाल तेव्हा, आणि तेव्हा वडिलांची खरेदी किंमत धरली जाते. म्हणून त्यांचा जुना करारनामा आणि स्टॅम्पच्या पावत्या रद्दीत घालू नका.

आता आईच्या खात्यांचं बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देता येतात, एकत्र टक्केवारी ठरवून किंवा एकामागून एक; लॉकरला फक्त एकामागून एक. बाबांच्या दाव्यासाठी बँकेत जाल त्याच दिवशी तिचा नामनिर्देशन अर्ज भरून पोच घेऊन या.